गाडीखाली उभे राहण्यापूर्वी

ड्रिलचे टोक कोब्यात शिरताना येणारा खरखरीत, एकसुरी आवाज अचानक मऊ पडला आणि मित्राचा हात झपकन पुढे गेला. घराला लागून असलेल्या त्याच्या गॅरेजमध्ये टू-पोस्ट लिफ्ट, म्हणजे दोन खांबांच्या मध्ये गाडी उचलून धरणारे यंत्र, बसवायचे ठरले होते; मॉडेल पसंत झाले होते, रंगसुद्धा ठरला होता, आणि केवळ माझ्या आग्रहाखातर त्याने जमिनीत एक बारीक भोक पाडून पाहायचे कबूल केले होते. भोकाभोवती आधी करडी, कोरडी भुकटी साचत होती. आवाज बदलल्यावर ड्रिल बाहेर काढले, तेव्हा त्याच्या वेटोळ्यांना ओलसर तपकिरी माती चिकटलेली होती. तारेच्या तुकड्याचे टोक वाकवून ते आत सोडले, कोब्याच्या खालच्या कडेला अडकवले, वर नखाने खूण धरली आणि मोजपट्टी लावली. जेमतेम ७० मिलिमीटर. लिफ्टच्या पुस्तिकेत किमान १०० मिलिमीटर जाडीचे चांगले काँक्रीट मागितलेले होते. मित्र त्या तारेकडे बराच वेळ पाहत राहिला. त्याचा हिरमोड मला दिसत होता, त्याचे वाईटही वाटत होते, आणि तरी आतून मोठे हायसे वाटले होते. ते भोक पाडले नसते, तर लिफ्ट त्याच जमिनीवर उभी राहिली असती.

त्यानंतर कितीतरी दिवस मी एकाच गोष्टीचा विचार करत होतो. लिफ्ट घ्यायची म्हटले की आपण यंत्रापासून सुरुवात का करतो?

पहिला प्रश्न बहुधा टनांचा असतो. वास्तविक घरच्या गॅरेजमध्ये येणाऱ्या बहुतेक मोटारी एक ते दोन टनांच्या असतात आणि बाजारातल्या टू-पोस्ट लिफ्ट साडेतीन-चार टनांपासून पुढे मिळतात, त्यामुळे क्षमतेचा प्रश्न बहुतेकांसाठी आधीच सुटलेला असतो. एक गोष्ट मात्र तेवढ्यावर सोडून देऊ नये. चार आर्मच्या, म्हणजे गाडीखाली जाणाऱ्या चार पोलादी हातांच्या लिफ्टमध्ये प्रत्येक आर्मच्या वाट्याला एकूण क्षमतेचा चौथा भाग येतो, आणि वाहनाचे वजन चारही कोपऱ्यांत सारखे वाटलेले कधीच नसते. इंजिन पुढे असलेल्या गाडीचे नाक जड असते. सामानाने भरलेल्या व्हॅनची मागची बाजू जड असते. म्हणून क्षमता वाहनाच्या वजनाच्या काठावर न घेता बरीच वर घ्यावी, एवढे लक्षात ठेवले की पुरते. त्यापुढे, आपल्या गाडीपेक्षा दुप्पट-तिप्पट वजन उचलणारे यंत्र घेतले म्हणून सुरक्षितता दुप्पट-तिप्पट होत नाही, कारण ते वजन शेवटी कुठे जाते हे त्या आकड्यात लिहिलेले नसते.

ते कुठे जाते याचा माग काढत गेलो की सगळे चित्र बदलते. वाहनाचे वजन आर्मच्या टोकावरच्या पॅडवर, पॅडवरून आर्मवर, आर्मवरून खांबात सरकणाऱ्या कॅरेजवर, तिथून खांबात, खांबातून बूडपट्टीत, बूडपट्टीतून अँकर बोल्टांत आणि बोल्टांतून काँक्रीटमध्ये उतरते. टू-पोस्ट लिफ्टमध्ये या प्रवासाला आणखी एक वळण असते. वाहन दोन खांबांच्या मधोमध असते, म्हणजे प्रत्येक खांब अर्धी गाडी आपल्यापासून दूर, हात लांबवून धरतो. पाण्याने भरलेली बादली अंगापासून लांब धरली की खांद्याला जी ओढ बसते, तीच ओढ खांबाच्या बुडाला बसते. खांब आतल्या बाजूला झुकू पाहतो आणि बाहेरच्या बाजूचे बोल्ट जमिनीतून उपसले जाऊ पाहतात. बोल्ट पोलादी असल्यामुळे तो सहसा तुटत नाही. पातळ किंवा भुसभुशीत कोबा मात्र त्याच्याभोवती शंकूच्या आकारात निसटू शकतो. म्हणूनच अनेक उत्पादक जाडीबरोबर ताकदही सांगतात. चौरस इंचाला ३००० पौंड, म्हणजे सुमारे २१ मेगापास्कल, ही अट पुष्कळ पुस्तिकांत सापडते. बोल्ट तडा गेलेल्या जागेपासून आणि कोब्याच्या कडेपासून ठरावीक अंतरावर असावा, हीही अट असतेच, कारण पसरून घट्ट बसणारा अँकर आजूबाजूच्या काँक्रीटला बाहेरच्या बाजूला रेटत असतो. डांबरावर तर टू-पोस्ट लिफ्ट उभी करण्याचा विचारच मनात आणू नये. आणि जमीन जर वरच्या मजल्यावरची असेल, किंवा तिच्यात ताणलेल्या पोलादी तारा पुरलेल्या असतील, तर भोक पाडण्याआधी इमारतीचा आराखडा जाणणाऱ्या अभियंत्याला विचारलेच पाहिजे. तसली एक तार कापली गेली तर नुकसान फक्त लिफ्टचे राहत नाही.

मी गाडीखाली शिरायला शिकलो तेव्हा लिफ्ट आमच्या वाऱ्यालाही उभी नव्हती. ट्रॉली जॅकने पुढची बाजू उचलायची, चासीखाली दोन घोड्या, म्हणजे लोखंडी टेकू, लावायच्या, मागच्या चाकांना लाकडाचे ठोकळे अडकवायचे आणि पाठीवर सरपटत आत जायचे. नाकापासून वीतभर अंतरावर इंजिनाचा चेंबर, वर हात ताणायला जागा नाही, पाना अर्धा इंच फिरला की पुन्हा काढून लावायचा. सायलेन्सरच्या जोडावरची गंजाची पापुद्री नेमकी डोळ्यांत पडायची. जुन्या ऑइलचा तो कडवट, जळका वास केसांत दोन दिवस राहायचा. मला काम शिकवणारे मिस्त्री आत जाण्यापूर्वी दर वेळी गाडीला खांदा लावून जोराने ढकलत. घोड्यांवर गाडी जरा जरी हलली, तरी ते सगळे उतरवून पुन्हा मांडायला लावत. ‘पडायची असेल तर आत्ता पडू दे,’ असे ते म्हणत. त्या ढकलण्याचा मला त्या वयात कंटाळा यायचा. आज एखाद्या लिफ्टवर गाडी चाके सुटण्याइतपत उचलली की माझा हात आपोआप बंपरकडे जातो आणि मी ती हलवून पाहतो.

काही जुन्या वर्कशॉपमध्ये खड्डा असे. खड्ड्यात उभे राहून काम करण्याचे सुख मोठे होते, आणि छताची उंची कितीही असली तरी चालत असे. पण पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्याने ती खाली उतरते आणि खड्ड्यात साचून राहते, आणि तिथेच दिव्याची वायर, तिथेच ठिणगी उडवणारे यंत्र. शिवाय उघडा खड्डा पावलाची वाट पाहत असतो. घरात मुलेबाळे असतील तर खड्ड्याचा विचार मी कुणालाही करू देणार नाही. खड्डा आणि घोड्या यांच्यातून माणसाला उभे केले ते लिफ्टने. अमेरिकेतल्या मेंफिसच्या पीटर लुनाती या मेकॅनिकने १९२५ साली मोटारींसाठी हायड्रॉलिक लिफ्ट तयार केली. न्हाव्याची वरखाली होणारी खुर्ची पाहून त्यांना ती सुचली, असे सांगतात. त्यांची लिफ्ट एका जाड दट्ट्यावर उभी होती आणि जमिनीत पुरलेली होती. आज घरी बसवल्या जाणाऱ्या लिफ्ट बहुतेक जमिनीवर उभ्या असतात, पण द्रवावर दिलेला दाब सगळीकडे सारखा पोहोचतो हे पास्कलचे तत्त्व तेच आहे. ६० मिलिमीटर व्यासाच्या सिलिंडरमध्ये १५० बार दाब निर्माण झाला तर सुमारे सव्वाचार टनांचा जोर मिळतो. मनगटाएवढ्या जाडीच्या नळकांड्यातून आणि काही लिटर ऑइलमधून एवढी ताकद निघते, याचे मला अजूनही अप्रूप वाटते.

मात्र गाडी वर नेणे ऑइलचे काम आहे, ती वर धरून ठेवणे त्याचे काम नाही. चांगली लिफ्ट चढताना ठरावीक अंतरावर खटक्याचा आवाज येतो, कारण प्रत्येक टप्प्यावर पोलादी लॉक आपल्या खाचेत पडत असते. हव्या त्या उंचीवर पोहोचल्यावर गाडी किंचित खाली सोडून त्या लॉकांवर टेकवायची असते, म्हणजे वजन नळीवर आणि सीलवर न राहता पोलादावर येते. हे टेकवणे अनेकजण घाईत गाळतात. गाडी वर दिसते, हलत नाही, मग काम सुरू. दीड टनाची गाडी १.८ मीटरवरून सुटली तर जमिनीवर आदळताना तिचा वेग ताशी सुमारे २१ किलोमीटर असतो. जमिनीपर्यंत पोहोचायला तिला अर्ध्या सेकंदाहून थोडा अधिक वेळ लागतो, आणि तिच्याखाली उभ्या असलेल्या माणसाला बाजूला व्हायला तेवढाही मिळत नाही. त्यामुळे लिफ्ट पाहायला गेल्यावर मी आधी लॉक पाहतो. दोन्ही खांबांतली लॉक एकाच दांड्याने सुटतात की वेगवेगळी सोडावी लागतात, खटका दोन्हीकडून एकाच वेळी ऐकू येतो का, दोन्ही कॅरेज समपातळीत ठेवणारी केबल ढिली तर नाही, हे सारे कान आणि डोळे लावून पाहता येते. स्क्रूवर चालणाऱ्या विद्युत लिफ्टमध्ये गाडी आट्यांवर स्वतःच थांबते, पण तिथे वजन पेलणारा नट झिजत जातो. त्याच्या खाली असलेला सुरक्षा नट आणि मुख्य नट यांच्यातले अंतर मोजले की झीज कळते. वीज गेल्यावर काय होईल, हेही विकत घेण्यापूर्वी विचारावे. लॉकवर टेकलेली गाडी उतरवण्यासाठी ती आधी थोडी वर उचलावी लागते आणि उचलायला पंप लागतो, म्हणजे वीज येईपर्यंत गाडी वरच राहते. काही लिफ्टना हातपंप जोडता येतो. गाडी एकच असेल तर ही सोय फार मोलाची ठरते.

आता छत. मित्राने छताची उंची मोजली होती आणि ती पुरेशी आहे असे त्याला वाटत होते, पण हिशेब प्रकारागणिक बदलतो. समजा गाडी १.४५ मीटर उंच आहे आणि १.८ मीटर उचलायची आहे. फोर-पोस्टवर, म्हणजे चार खांबांच्या लिफ्टवर, गाडी दोन लांब पट्ट्यांवर चाकांनिशी उभी असते आणि चाकेच १.८ मीटरवर जातात, म्हणून टप ३.२५ मीटरवर पोहोचतो. टू-पोस्टमध्ये १.८ मीटर ही पॅडची उंची असते, आणि पॅड गाडीच्या कडेखाली टेकतो. तिथून टपापर्यंत सव्वा मीटर धरले तर टप ३.०५ मीटरवर थांबतो. वीस सेंटिमीटरचा हा फरक कमी उंचीच्या गॅरेजमध्ये निर्णायक ठरतो. याशिवाय दिवे, पंखा, तुळई, वर सरकणाऱ्या दाराचे रूळ आणि गाडी वर असताना उघडलेले बॉनेट, सगळे त्याच जागेवर हक्क सांगतात. ज्याचे खांब वरून आडवे जोडलेले असतात तो टू-पोस्ट साधारण साडेतीन मीटर किंवा त्याहून उंच असतो. त्याचा फायदा असा की दोन खांबांमधली जमीन मोकळी राहते. बुटक्या जातीत केबल आणि नळ्या जमिनीवरच्या पत्र्याखालून जातात, आणि गिअरबॉक्स उतरवायच्या जॅकची चाके दर वेळी त्या पत्र्याच्या उंचवट्यावर अडतात. ज्याने शंभर किलोचा गिअरबॉक्स त्या उंचवट्यावरून ढकलला आहे, त्याला ही अडचण समजावून सांगावी लागत नाही.

माणसे काम न ठरवता लिफ्ट ठरवतात, याचे मला सर्वांत जास्त वाईट वाटते. ब्रेक, सस्पेन्शन, क्लच, गिअरबॉक्स ही कामे ज्याला मनापासून करायची आहेत, त्याच्यासाठी टू-पोस्टला तोड नाही, कारण चाके मोकळी लोंबतात आणि गाडीचे पोट सगळीकडून उघडे असते. त्यातही खांब सुमारे ३० अंश वळवलेली, पुढचे आर्म आखूड आणि मागचे लांब असलेली जात घेतली तर गाडी थोडी मागे सरकून उभी राहते आणि दार खांबावर न आपटता उघडते. मागे जड असलेल्या व्हॅनसाठी मात्र सरळ खांबांची, सारख्या आर्मची जात बरी. दोन गाड्या एकाच जागेत ठेवायच्या असतील, ऑइल बदलायचे असेल, सायलेन्सर पाहायचा असेल, तर फोर-पोस्ट घ्यावी. तिचे वजन चार खांबांतून सरळ खाली उतरते, त्यामुळे जमिनीकडून तिची मागणी कमी असते, आणि घरगुती वापराच्या अनेक मॉडेलना बोल्टही लागत नाहीत. सस्पेन्शनचे रबरी बुश बदलल्यावर त्यांचे बोल्ट गाडी आपल्या चाकांवर उभी असतानाच आवळायचे असतात, नाहीतर रबर कायम पिळलेले राहते आणि लवकर फाटते. हे काम फोर-पोस्टवर जितके नीट होते तितके टू-पोस्टवर होत नाही. चाके काढायची झाली की मात्र तिला दोन पट्ट्यांमध्ये सरकणारा वेगळा जॅक लागतो. कात्रीसारख्या उघडणाऱ्या, मीटरभर उचलणाऱ्या सिझर लिफ्टवर टायर, ब्रेक आणि पत्र्याची कामे बसल्या बसल्या होतात, पण तिचा सांगाडा नेमका गाडीच्या मध्यभागी येतो. सरकवता येणाऱ्या दोन चौकटींची जोडी अर्धा मीटर उचलते. पाठीवर पडणे टळत नाही, तरी जॅक-घोड्यांपेक्षा ती शतपट बरी. बॅटरीवर चालणाऱ्या मोटारीचा तळ म्हणजे बॅटरीचेच खोके असते, तेव्हा आर्म किंवा पट्टी त्यावर टेकणार नाही याची खात्री उत्पादकाने दिलेल्या उचलण्याच्या जागा पाहूनच करावी.

गाडीचा तोल हा मुख्यतः टू-पोस्टचा विषय आहे आणि तो शेवटपर्यंत संपत नाही. गाडी नीट तोलून वर नेली, मग इंजिन किंवा मागचा अॅक्सल उतरवला, की गुरुत्वमध्य सरकतो आणि हलकी झालेली बाजू पॅडवरून उचलली जाऊ पाहते. अशा वेळी उंच घोड्या लावाव्याच लागतात. म्हणजे लिफ्टबरोबर त्या घोड्यांचीही जागा आणि खर्च धरायला हवा.

मित्राने शेवटी दोन्ही खांबांखालचा कोबा चौकोनी कापून काढला, माती खोदून ठोकली आणि पुस्तिकेतल्या मापाप्रमाणे सळया घालून नवे, जाड काँक्रीट भरले. काँक्रीटची ताकद २८ दिवसांच्या हिशेबाने मोजतात, म्हणून तेवढे दिवस त्याने बोल्टाला हात लावला नाही. त्याच्या घरच्यांना ही सगळी खटपट अवाजवी वाटत होती. मला त्याचा अभिमान वाटत होता.

आता आमच्यात एकच वाद उरला आहे आणि तो मी सोडणार नाही. युरोपात वाहन-लिफ्टसाठी ईएन १४९३ हे मानक आहे. अमेरिकेत १९४५ पासून असलेली ऑटोमोटिव्ह लिफ्ट इन्स्टिट्यूट चाचणीत उतरलेल्या लिफ्टना प्रमाणपत्राची पट्टी देते, आणि तिथल्या मानकानुसार लिफ्टची किमान वर्षातून एकदा जाणकाराकडून तपासणी व्हायला हवी. व्यावसायिक वर्कशॉपमध्ये मालक, कामगार, विमा, निरीक्षक असे कुणी ना कुणी त्या तारखेची आठवण करून देते. घरच्या लिफ्टला असे कुणीच विचारत नाही. तिथे खाली उभा राहणारा आणि वर लक्ष ठेवणारा एकच माणूस असतो. म्हणून मित्राला मी म्हणतो आहे की दोन मॉडेल इतर बाबतींत सारखी असतील, तर ज्याच्या खांबावरचे झाकण सहज निघते, ज्याच्या केबलचा प्रत्येक भाग आणि कप्पी बॅटरीच्या उजेडात दिसते, ज्याचे लॉक हात घालून पुसता येते, ते घ्यावे. त्याला दुसरे, पूर्ण बंदिस्त आणि दिसायला देखणे मॉडेल आवडले आहे; धूळ आत जात नाही, असे त्याचे म्हणणे आहे, आणि त्यात तथ्यही आहे. पण केबलचा एखादा धागा तुटून वर आला तर तो त्याला कुठून दिसणार, या माझ्या प्रश्नाला त्याने अजून उत्तर दिलेले नाही. येत्या आठवड्यात आम्ही विक्रेत्याकडे जाऊन दोन्हींची झाकणे उघडून मागणार आहोत.